दुःखाला कौतुक नको, सोबत हवी

१८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात माणसं अन्नावाचून मरत होती. मदतकेंद्रांच्या आसपास अनाथ मुली आणि तरुण विधवा आसरा शोधत फिरत होत्या आणि त्यांच्या असहायतेचा फायदा घेणारेही तिथेच टपून होते. अशा वेळी चाळिशीला आलेली एक बाई पुण्याहून तिकडे गेली. तिने त्या बायका-मुलींना गोळा केलं आणि शेकड्यांनी पुणे जिल्ह्यातल्या केडगावला आणलं. तिथल्या माळावर उभी राहिलेली ‘मुक्ती’ ही संस्था आजही सुरू आहे.

पंडिता रमाबाईंना भुकेची ओळख सरकारी अहवालांतून झाली नव्हती. १८७० च्या दशकात मद्रास इलाख्यातल्या दुष्काळात त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे, आई लक्ष्मीबाई आणि मोठी बहीण एकामागोमाग गेली. रमाबाई तेव्हा जेमतेम सोळा वर्षांच्या होत्या. मग थोरला भाऊ श्रीनिवास याच्याबरोबर पुराणं सांगत त्यांनी अर्धा देश पायी पालथा घातला. १८८० मध्ये तो भाऊही गेला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधवी यांच्याशी लग्न झालं आणि १८८२ च्या फेब्रुवारीत पटकीने त्यांनाही नेलं. मुलगी मनोरमा वर्षाचीही झाली नव्हती. तेविसाव्या वर्षी रमाबाईंच्या वाट्याला जेवढे मृत्यू आले होते, तेवढे अनेकांना साठीपर्यंत पाहावे लागत नाहीत.

अशा चरित्रांकडे पाहून एक निष्कर्ष फार चटकन काढला जातो : दुःखाने त्यांना घडवलं. सोनं आगीतच उजळतं, असंही लगेच कुणीतरी म्हणतं. हा निष्कर्ष चुकीचा आहे आणि दुःखात बुडालेल्या माणसासाठी तो क्रूरही आहे. त्याच दुष्काळातून, त्याच पायपिटीतून श्रीनिवासही गेले होते. ते तरुणपणीच संपले. त्या दुष्काळात मेलेल्या लाखो माणसांपैकी कुणालाही उपासमारीने उजळवलं नाही. रमाबाईंकडे आणखी काही होतं. आईने लहानपणापासून शिकवलेलं संस्कृत होतं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी दिलेली ‘पंडिता’ ही मान्यता होती. पुण्यात आल्यावर रानडे-भांडारकरांच्या वर्तुळाचा आधार मिळाला आणि १८८२ मध्येच आर्य महिला समाज उभा राहिला. पुढे १८८७ मध्ये अमेरिकेत बोस्टनला ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली आणि विधवांसाठीच्या नियोजित शाळेचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याची हमी तिने घेतली. दोन वर्षांनी मुंबईत शारदा सदन सुरू झालं ते या हमीवर. रमाबाईंच्या ख्रिस्ती धर्मांतरावरून महाराष्ट्रात उठलेल्या वादळात ही बाजू मागे पडली. स्वतःचं दुःख कामाला लावायला त्यांना जागा, माणसं आणि पैसा मिळाला होता. त्या पाठबळाचं श्रेय दुःखाच्या खात्यावर जमा करणं योग्य नाही.

सिंधुताई सपकाळ यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हीच चूक मोठ्या प्रमाणावर केली. लहान वयात लग्न, पोटुशी असताना नवऱ्याने घराबाहेर काढणं, गोठ्यात बाळंतपण, रेल्वेच्या स्टेशनांवर गाणी म्हणत मागितलेली भीक हे सगळं भाषणांतून, मुलाखतींतून आणि २०१० च्या अनंत महादेवन यांच्या चित्रपटातून घरोघरी पोहोचलं. श्रोते रडले, टाळ्या वाजल्या. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली आणि पुढच्याच जानेवारीत माई गेल्या. त्यांनी सांभाळलेल्या लेकरांची संख्या मोठी आहे आणि त्या कामाची थोरवी वादातीत आहे. पण टाळ्या वाजवणाऱ्या सभागृहात एक प्रश्न क्वचितच विचारला गेला. नऊ महिन्यांच्या गर्भारशीला गोठ्यात बाळंत व्हावं लागलं तेव्हा गाव कुठे होतं? सासर-माहेर, पंचायत, सरकार कुठे होतं? माईंना जे सोसावं लागलं ते टाळता येण्यासारखं होतं. टाळता येण्यासारख्या छळाला ‘परीक्षा’ म्हटलं की तो करणारे सुटतात.

टाळता येणारं आणि न टाळता येणारं दुःख यांतला हा भेद ज्याने सर्वांत ठामपणे मांडला त्याच्याकडे तसं सांगण्याचा अधिकार होता. व्हिक्टर फ्रँकल हे व्हिएन्नाचे मनोविकारतज्ज्ञ. १९४१ मध्ये त्यांच्या हातात अमेरिकेचा व्हिसा आलेला होता. तो वापरला असता तर जीव वाचला असता, पण म्हाताऱ्या आई-वडिलांना नाझींच्या तोंडी ठेवून जाणं त्यांच्याच्याने होईना आणि त्यांनी व्हिसाची मुदत उलटू दिली. १९४२ मध्ये ते, त्यांची पत्नी आणि आई-वडील छळछावणीत गेले. वडील तेरेझिनमध्ये गेले, आईला आउशवित्झच्या वायुकोठडीत मारलं, पत्नी टिली बर्गन-बेल्झनमध्ये गेली, भाऊही वाचला नाही. आउशवित्झला पोहोचताच कोटाच्या अस्तरात शिवलेलं आयुष्यभराच्या संशोधनाचं हस्तलिखितही हिरावलं गेलं. एप्रिल १९४५ मध्ये सुटका झाली आणि त्याच वर्षी त्यांनी नऊ दिवसांत एक छोटं पुस्तक सांगून लिहून घेतलं. मराठीत ते ‘अर्थाच्या शोधात’ या नावाने वाचता येतं.

फ्रँकल यांचं नाव आज प्रेरणादायी भाषणांत सर्रास घेतलं जातं. दुःखातही अर्थ सापडू शकतो, हे त्यांचं म्हणणं सगळ्यांना पाठ असतं. पण त्यांनी त्याला घातलेली अट बहुधा गाळली जाते. अर्थ शोधण्यासाठी दुःख आवश्यक नाही, असं ते स्वच्छ सांगतात. दुःखाचं कारण दूर करता येत असेल, मग ते शरीराचं असो, मनाचं असो की राजकारणाचं, तर ते दूर करणं हेच अर्थपूर्ण कृत्य. ते करता येत असूनही निमूट सोसत राहण्यात वीरत्व नाही. छावणीतून आलेला माणूस हे सांगतो तेव्हा ‘सोसा, मोठे व्हाल’ असं त्याच्या नावावर खपवणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

मग जे दूर करताच येत नाही त्याचं काय? गेलेलं मूल परत येत नाही. पार्किन्सन्ससारखा आजार आजच्या औषधांनी आटोक्यात राहतो, बरा होत नाही. स्वीकार हा शब्द लागतो तो इथे. आपल्याकडे त्याची गल्लत नशिबाशी होते. ‘भोग आहेत’, ‘देवाची मर्जी’ असं म्हणून गप्प बसणाऱ्याला आपण समजूतदार म्हणतो. खरं तर स्वीकारात गप्प बसणं नसतं. जे घडलं ते घडलं, ते माझ्या बाबतीत घडलं आणि ते पुसता येणार नाही, हे उघडपणे म्हणता येणं म्हणजे स्वीकार. पुढे काय करायचं हा प्रश्न त्यानंतरच सुचतो. रमाबाईंनी आई-वडिलांचा मृत्यू स्वीकारला. दुष्काळात निराधार मुलींना वाऱ्यावर सोडण्याची रीत मात्र त्यांनी स्वीकारली नाही.

मराठी घरांत दुःखाच्या पहिल्या दिवसांची व्यवस्था चांगली आहे, हे मान्य करायला हवं. सुतकात शेजारपाजारचे डबे येतात, भावकी जमते, दहाव्याला-तेराव्याला घर माणसांनी भरलेलं असतं. चौदाव्या दिवशी मात्र घर एकदम रिकामं होतं. आणि खरं दुःख बऱ्याचदा तेव्हाच सुरू होतं. कपाटातले कपडे, बँकेच्या पासबुकावरचं नाव, दूधवाल्याला एक पिशवी कमी सांगणं. त्या काळात भेटायला येणारा बहुधा एकच सल्ला आणतो : झालं गेलं विसरा, मुलांकडे बघून सावरा. पुरुषाला तर रडायचीही मुभा नसते. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं की विषय बदलला जातो, जणू नाव घेतल्याने जखम नव्याने होईल. ती जखम तशीही उघडीच असते. नाव घेणारं कुणी नसलं की तिच्याकडे एकट्यानेच पाहत बसावं लागतं.

शिकलेल्या घरांत आता याच सल्ल्याने नवा पोशाख घातला आहे. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांनी १९६९ मध्ये शिकागोतल्या मरणासन्न रुग्णांशी बोलून नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि स्वीकार अशा पाच अवस्था मांडल्या. मृत्यूला सामोरं जाणाऱ्यांच्या मनाचं ते वर्णन होतं. पुढे ते मागे राहिलेल्यांना लावलं गेलं, आणि त्याचा जिना झाला. सहा महिने झाले तरी आई अजून रागातच आहे, स्वीकारापर्यंत आली नाही, अशी तक्रार मुलं करू लागली. या अवस्था ओळीने येत नाहीत, सगळ्यांना येत नाहीत, हे क्युबलर-रॉस यांनी स्वतः नंतर सांगितलं. स्वीकार एकदा होऊन संपत नाही. सणाला, वाढदिवसाला, गावच्या जत्रेला तो पुन्हा करावा लागतो.

आणि तो एकट्याने होणं फार कठीण. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा माणूस धंद्याच्या कामासाठी ओहायोतल्या अ‍ॅक्रन शहरात आला होता. काम फसलं. दारू सोडून त्याला काही महिनेच झाले होते आणि हॉटेलच्या दर्शनी दालनात शेजारच्या बारचा गलका ऐकू येत होता. त्याने तिथला फोन उचलला आणि चर्चच्या यादीतले क्रमांक फिरवत राहिला. त्याला दुसरा एखादा दारुडा भेटायला हवा होता. अखेर डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या बोलीवर आलेले डॉक्टर कित्येक तास बसून राहिले. त्यांना आजवर उपदेश करणारे पुष्कळ भेटले होते. हा माणूस मात्र स्वतःची नामुष्की सांगत होता आणि ती सांगता सांगता स्वतःला त्या बारपासून दूर ठेवत होता. डॉ. बॉब यांनी १० जूनला शेवटचा पेला घेतला, आणि तोच दिवस ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’चा स्थापना दिवस मानला जातो. आज या बैठका महाराष्ट्रातल्या गावागावांत चर्चच्या, शाळेच्या नाहीतर दवाखान्याच्या खोलीत भरतात. बोलायला उभा राहणारा माणूस आधी नाव सांगतो आणि मग मी दारुडा आहे असं म्हणतो. हा कबुलीजबाब ऐकणाऱ्यांपैकी कुणीही चकित होत नाही. सगळं बळ त्या न चकित होण्यात आहे.

पुण्यातलं मुक्तांगण याच जातकुळीचं. अनिल अवचट यांनी ब्राउन शुगरच्या विळख्यावर लेखमाला लिहिली. ती वाचून अस्वस्थ झालेल्या पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी मदत देऊ केली आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. त्याची धुरा उचलली ती डॉ. अनिता अवचट यांनी. मुक्तांगणात व्यसन हा आजार मानतात आणि दाखल झालेल्याला रुग्णमित्र म्हणतात. तिथले कितीतरी समुपदेशक पूर्वी स्वतः तिथेच रुग्ण होते. नव्याने आलेला मुलगा हात थरथरत बसलेला असतो आणि समोरचा माणूस त्याला सांगतो की मीही याच कॉटवर होतो. हे वाक्य कुठल्याही पदवीधराला उच्चारता येणार नाही. ज्या वर्षांची लाज वाटायची, जी वर्षं वाया गेली म्हणून बायको-आई रडायच्या, तीच वर्षं आता त्याची पात्रता ठरतात. व्यसनाधीनांच्या पत्नींचाही तिथे गट आहे, सहचरी नावाचा. दारू सोडलेल्याचं कौतुक होतं, तिच्या वीस वर्षांचं काय, हा प्रश्न तिथे मोकळेपणी विचारता येतो.

डॉ. अनिता अवचट यांना मुक्तांगण उभारणीच्या काळातच कर्करोग झाला. तो आजार अंगावर बाळगून त्या काम करत राहिल्या आणि १९९७ मध्ये गेल्या. पुढे त्यांची मुलगी मुक्ता पुणतांबेकर यांनी संस्था सांभाळली. अनेकांना हे त्यागाचं उदाहरण वाटतं. त्याहून मोलाची गोष्ट ही की त्यांच्या माघारी काम थांबलं नाही, कारण ते एका व्यक्तीच्या असामान्य सहनशक्तीवर उभंच केलेलं नव्हतं.

काही दुःखांना सुतकही नसतं. माणूस समोर असतो, जेवतो, झोपतो, पण तो पूर्वीचा राहिलेला नसतो. पॉलीन बॉस या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकापासून अशाच अधांतरी हानीचा अभ्यास केला. बेपत्ता झालेल्यांचे नातलग, स्मृतिभ्रंश झालेल्यांचे जोडीदार, गंभीर मनोविकार असलेल्यांचे आई-वडील या सगळ्यांचं दुःख असं असतं. त्यांच्याकडे कुणी भेटायला येत नाही. उलट येणंजाणं कमी होतं.

जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या पत्नी कमलिनी यांना स्किझोफ्रेनिया झाला. परक्या देशात, लहान मुलांसह या आजाराशी झगडताना कुटुंबाला काय सोसावं लागतं हे त्यांनी अनुभवलं आणि ते लपवून ठेवलं नाही. पुण्यात १९९७ मध्ये ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ सुरू झाली ती त्यांच्या पुढाकाराने. तिथे रुग्णाला शुभार्थी म्हणतात आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर. सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ हा २००४ चा चित्रपटही वाणी यांच्या पाठबळामुळे झाला. अतुल कुलकर्णींनी रंगवलेला शेष अनेकांच्या लक्षात राहिला, पण त्या चित्रपटाचा निम्मा भार बहिणीच्या भूमिकेतल्या सोनाली कुलकर्णींवर आहे. भावाला घरी आणावं तर संसार मोडतो, न आणावं तर मन खातं, हे शुभंकराचं दुखणं मराठी पडद्यावर एवढ्या खरेपणाने क्वचितच आलं असेल. ज्या घरांत हा आजार पाहुण्यांपासून लपवला जात होता, त्यांना त्या चित्रपटामुळे निदान बोलायला एक नाव मिळालं.

याच दिग्दर्शक जोडीचा ‘नितळ’ कोडावर होता आणि त्यामागे डॉ. माया तुळपुळे यांची ‘श्वेता असोसिएशन’ उभी होती. स्वतःच्या अंगावर कोड असलेल्या डॉक्टरने हा गट सुरू केला म्हणून तिथे लग्न मोडलेल्या मुलीही मोकळ्या मनाने येऊ शकल्या. पुण्यातलंच पार्किन्सन्स मित्रमंडळ घ्या. या मंडळाच्या शुभार्थींसाठी नर्तक हृषीकेश पवार यांनी नृत्यवर्ग सुरू केले. पाय अडखळणारी सत्तरीतली माणसं तालावर पावलं टाकू लागली. आजार तिथून पळून गेला नाही. पण ज्या शरीराची लाज वाटून घरात बसणं सुरू झालं होतं, ते घेऊन माणसं पुन्हा चारचौघांत आली.

या सगळ्या उदाहरणांना पुण्याचा वास आहे, हा आक्षेप रास्त आहे. दुःख पुण्यापुरतं नाही. २०२२ मध्ये देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि त्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या होत्या. इतर कुठल्याही राज्यापेक्षा हा आकडा मोठा होता. यात विदर्भ-मराठवाड्यातले शेतकरी आहेत आणि प्रत्येकामागे एक घर आहे. आत्महत्या ‘पात्र’ ठरली तर त्या घराला एक लाख रुपये मिळतात, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. ‘अपात्र’ ठरली तर काहीच नाही. म्हणजे नवऱ्याने खरोखर कर्जापायीच जीव दिला, हे त्या बाईने कागदांनी सिद्ध करायचं. सातबारा त्याच्या नावावर, कर्जही त्याच्या नावावर आणि फेडायचं मात्र तिने. अशा बाईला दुःखातून जीवनाचा अर्थ शोध म्हणून सांगणारा माणूस आधी तिच्यासोबत तहसील कार्यालयात जाऊन वारसनोंदीच्या रांगेत उभा राहिला पाहिजे.

महिला किसान अधिकार मंचाने, मराठवाड्यातल्या एकल महिलांच्या संघटनांनी हेच काम धरलं. करोनात नवरा गेलेल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती उभी केली. त्याच वर्षी राज्य सरकारने ‘मिशन वात्सल्य’ जाहीर केलं. सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशाने पन्नास हजारांचं अनुदान मंजूर झालं. पण अर्ज ऑनलाइन, मृत्यूच्या कारणाची नोंद अर्धवट आणि सासरचे कागद द्यायला नाखूष. ही कोंडी सोडवायला जिने स्वतः तो अर्ज भरला आहे तिच्यासारखी जाणकार दुसरी कोण असणार? जिची वारसनोंद झाली आहे अशी बाई दुसरीला घेऊन तलाठ्याकडे जाते तेव्हा तिच्या स्वतःच्या दिवसालाही काही कारण मिळतं. या लेखात ज्याला अर्थ म्हटलं आहे तो बहुतेकांना असाच, हातातल्या कामातून सापडतो. बसून चिंतन केल्याने सापडल्याची उदाहरणं कमी आहेत.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडने ४ मे २०२२ रोजी ग्रामसभेत ठराव केला : नवरा गेल्यावर बायकोच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घ्यायला सांगितलं. ठरावाने रीत एका दिवसात मोडत नाही, हे खरं. तरी त्या गावाने जे ओळखलं ते मोलाचं आहे. नवऱ्याचा मृत्यू टाळता येणार नाही, तो बाईने स्वीकारायचा. बांगड्या फोडण्याची विटंबना टाळता येते, ती गावाने बंद करायची. रमाबाईंच्या हयातीत हे सुचलेली गावं नव्हती.

इथे एक सावधगिरी अत्यावश्यक आहे. मूल गमावलेल्या आईला त्या मृत्यूत अर्थ सापडायलाच हवा, असा आग्रह कुणी धरू नये. तो सापडला नाही तर ती कमी पडली असं मुळीच नाही. रिचर्ड टेडेस्की आणि लॉरेन्स कॅल्हून या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९० च्या दशकात आघातानंतरच्या वाढीचा अभ्यास केला. ही वाढ आघातामुळे होत नाही, त्याच्याशी झुंजण्यातून होते, आणि वाढ झालेल्या माणसाच्या वेदना कमी झालेल्याच असतात असं नाही, हे त्यांच्या मांडणीतलं मध्यवर्ती सूत्र आहे. दोन्ही एकाच मनात शेजारी शेजारी राहतात. संस्था उभारलेला बापही मुलाच्या वाढदिवसाला कोलमडतो. त्यात काही विसंगत नाही.

आणि प्रत्येक अंधार गटात बसून जाणारा नसतो. दुःख वर्षभरानंतरही तितकंच तीव्र असेल, रोजचं जगणं ठप्प असेल, तर २०२२ पासून मनोविकारांच्या अमेरिकन निदानपुस्तिकेतही त्याला उपचार लागणारा विकार म्हटलं आहे. तीव्र नैराश्य हा ध्येय नसल्याचा परिणाम नव्हे. त्यावर औषधं आहेत, ती गुण देतात आणि ती घेण्यात कमीपणा नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक विकारांत ७० ते ९२ टक्के लोक उपचारांविना असल्याचं दिसलं होतं. डॉक्टरकडे न जाता प्रवचन ऐकत राहिल्याने या दरीत माणसं पडतात.

म्हणून मागणी साधी आहे. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम कागदावर सर्वत्र आहे. शेतकऱ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी ‘प्रेरणा प्रकल्प’ आहे, आशा कार्यकर्ती घराघरात जाते. यांना जोडून प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून एक खोली, दोन तास आणि एक प्रशिक्षित समुपदेशक द्यावा. आत्महत्या झालेल्या घरांतल्या बायका, व्यसनातून बाहेर पडलेले पुरुष, मनोरुग्णांचे नातलग यांचे वेगवेगळे गट तिथे बसू लागतील. चहाचा खर्च ग्रामपंचायतीला जड नाही. गट चालवणारी माणसं गावातच सापडतील, कारण दुःखातून गेलेली माणसं प्रत्येक गावात आहेत आणि त्यांना आजवर कुणी बोलावलेलं नाही. त्यांच्या येण्याजाण्याचं भाडं आणि मानधन मात्र सरकारने द्यायला हवं. त्यांच्या सोसण्यावर फुकटात सेवा उभारणं हाही एक अन्यायच ठरेल.

वाचकांकडेही एक मागणं आहे. ओळखीतल्या ज्या घरात यंदा कुणी गेलं असेल, तिथे या आठवड्यात जा. तेरावा होऊन कितीही दिवस झाले असले तरी चालेल. गेलेल्या माणसाचं नाव घ्या, त्याची एखादी आठवण सांगा, सल्ला देऊ नका आणि समोरचं माणूस रडलं तर रडू द्या. आणि कुणाच्या बोलण्यात जीव नकोसा झाल्याची भाषा आली तर ती हसण्यावारी न नेता केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्याच्यासमोर बसून लावून द्या. तो दिवसरात्र सुरू असतो, मोफत आहे आणि तिथे मराठीतून बोलता येतं.